शून्य लावताना खोलीत

जिन्याच्या लोखंडी कठड्याने बोटाला चिमटा काढला. हिवाळ्यातली कोरडी सकाळ, अंगात लोकरी स्वेटर, पायांत रबरी तळव्याचे बूट. असा चिमटा या दिवसांत कोणालाही बसतो आणि दुसऱ्या पायरीवर तो विसरलाही जातो. मी पहिल्याच पायरीवर थांबले. मागून येणारे ग्रंथपाल माझ्यावर आदळता आदळता वाचले. "काय झालं हो?" "काही नाही, शॉक बसला." "बसणारच. शुक्रवार जवळ आला ना," असे म्हणून ते हसत वर गेले. शुक्रवार संस्थेत सगळ्यांनाच ठाऊक होता. शुक्रवारच्या सभेत तीन पूर्णांक चार या आकड्याला माझे नाव देण्याचे घाटत होते, आणि हयात माणसाचे नाव आकड्याला देणे हा आमच्याकडे पुतळ्याच्या खालोखालचा मान समजला जातो. पुतळ्यावर निदान पक्षी बसतात. मी मात्र बोटाकडे पाहत मनात एक साधे गणित करत उभी होते. माणसाचे शरीरही वीज साठवून धरते. त्याची धारिता, म्हणजे धरून ठेवण्याची ऐपत, साधारण शंभर पिकोफॅरड. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या तासाला मी हे गणित घालते, एकाला स्टुलावर उभे करते, त्याच्या बोटातून ठिणगी काढून दाखवते, वर्ग हसतो. तीस वर्षे मी ते करत आले, आणि तीस वर्षे ते उदाहरण प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपलांसारखे काढून ठेवून आत जात आले. माणसाला धारिता असते. खोलीत माणूस होता. ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवायला मला कठड्याच्या चिमट्याची गरज लागली.

आम्ही एकेका अणूची धारिता मोजतो. सपाट धातूवर एकटा बसलेला अणू, त्याच्यावर जवळजवळ टेकेल इतके खाली आणलेले धातूचे टोक, आणि त्या दोघांमध्ये साठणारी वीज. एका फॅरडचे हजार भाग करावेत, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार, असे सात वेळा. सातव्या वेळी हाती लागतो तो झेप्टोफॅरड. सिद्धान्ताप्रमाणे आमच्या अणूचे असे सतरा भरायला हवेत. आम्हाला अकरा वर्षे वीस पूर्णांक चार मिळत आले. वरच्या तीन पूर्णांक चारला मी शेष म्हटले, आणि त्या शेषावर चार निबंध व एक पुस्तक लिहिले. माझे म्हणणे थोडक्यात असे, की अणू आपल्या आकारमानाने नेमून दिलेल्यापेक्षा थोडे अधिक धरून ठेवतो. विज्ञानात इतके प्रेमळ विधान सहसा करायला मिळत नाही; मला मिळाले, आणि मी ते कठोर गणिताच्या पोशाखात सजवून जगापुढे उभे केले. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांना शेष सापडला नाही. त्यांना मी लिहिलेले उत्तर आमच्या विषयात अजून आवडीने वाचले जाते. 'ज्यांना आपल्या उपकरणाचे कवच धड बसवता येत नाही, त्यांना अणूच्या औदार्याची प्रचिती यावी कशी?' असे त्यात एक वाक्य आहे; कवच म्हणजे बाहेरची वीज अडवणारे धातूचे आवरण. ते सुचले त्या दिवशी मी दोन वेळा चहा घेतला. त्या उत्तरानंतर त्यांच्यातल्या एका तरुण संशोधिकेने हा विषयच सोडला असे कानावर आले, तेव्हा मला ते युक्तिवादाचे यश वाटले होते.

तीन आठवड्यांपूर्वी शेष नाहीसा झाला. आमची टोकवाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची टोके तासणारी माझी शोधविद्यार्थिनी, पडद्यावरून मान न वळवता म्हणाली, "बाई, सतरा येतंय." "सतरा पूर्णांक किती?" "सतराच." मी चष्मा पुसला, आकड्यावर त्याचा परिणाम झाला नाही. मग आम्ही टोक बदलले, तार बदलली, धातूचा पत्रा बदलला, पंप उघडून पुन्हा बसवला. तिने एकोणीस टोके तासली, बोटांना पट्ट्या बांधून विसावे तासायला घेतले. बदल फक्त एक होता, आणि तो इतका क्षुल्लक होता की आम्ही तो मोजलाच नव्हता: आमचे तंत्रज्ञ फॅरडराव निवृत्त झाले होते, आणि मोजणीपूर्वी उपकरणाचे शून्य लावायला त्यांच्या जागी एक लहानशी मोटार बसवली होती. संचालकांच्या कानावर घालणे कर्तव्य होते म्हणून घातले. त्यांनी खिडकीबाहेर पाहत ऐकून घेतले. "शुक्रवारपर्यंत ती मोटार काढून ठेवा की," ते म्हणाले, "जुन्या पद्धतीनं लावा शून्य. अकरा वर्षं जे चाललं ते तीन दिवस चालणार नाही का? आणि हे बघा, शेषाला तुमचं नाव लागलं की संस्थेचंही लागतंच." संतापाने माझा आवाज चढत नाही, उतरतो. आणि त्या दिवशी तो इतका उतरला की मला स्वतःलाही ऐकू आला नाही. त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना मला कळले होते, की त्या सूचनेचा मला राग आला त्याहून अधिक मोह पडला होता.

फॅरड हे एकक आमच्या कामाच्या मानाने इतके अवाढव्य, की त्याचे नाव आम्ही फक्त भागाकारासाठी घेतो. म्हणून सव्वाशे किलोंचा एक नवा तंत्रज्ञ जरा तिरका होऊन आमच्या दारातून आत आला तेव्हा कोणीतरी पुटपुटले, "आला, एक फॅरड आला." त्याने अर्थ विचारला, सांगितल्यावर थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे तुमची सगळ्यांची मापं माझ्या एका पोटात मावतात म्हणा की!" तेव्हापासून फॅरडराव. त्या देहाला बोटे मात्र घड्याळजीची होती. मोजणीला बसण्यापूर्वी उपकरण शून्यावर आणावे लागते, टोक अणूपासून दूर असताना दिसणारे सगळे इकडचे तिकडचे वजा करावे लागते, आणि ते करणारा नॉब केसाच्या जाडीने फिरवावा लागतो. रोज सकाळी साडेनऊला फॅरडराव उपकरणाला लागून उभे राहत. मी समोरच्या बुटक्या स्टुलावर बसून काट्याकडे पाही. "थोडं डावीकडे." "हं." "अजून कणभर." "हं." "बस." "बसलोय कुठं, उभाच आहे," हा विनोद ते अकरा वर्षे करत आले आणि अकरा वर्षे मी हसले नाही, हे आता लिहिताना मला माझ्या निबंधांपेक्षा मोठे अपयश वाटते. शून्य लागले की आम्ही दोघेही बाहेर येत असू, दार लावून घेत असू आणि मोजणी बाहेरच्या पडद्यावर पाहत असू. कारण मोजताना खोलीत माणूस नको, पावलांनी टोक थरथरते. मोजताना माणूस नको, इतपत शहाणपण आमच्यापाशी होते. शून्य लावताना माणूस होता, हे ध्यानात येण्याइतके नव्हते.

खरे तर ध्यानात आणून दिले गेले होते. पहिल्याच वर्षी, नॉबवर बोटे असताना, फॅरडराव म्हणाले होते, "बाई, एक बघितलंत का? मी हललो की काटा हलतो." मी काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "मग हलू नका." झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावून स्वतःच्या दोन पावलांच्या जागा आखून घेतल्या, आणि पुढे अकरा वर्षे ते त्या दोन चौकोनांत उभे राहिले, सणसणीत खोकला आला तरी गिळून. जिन्याच्या पहिल्या पायरीवर हे वाक्य जसेच्या तसे माझ्या कानात वाजले, माझ्याच त्या व्यासंगी, सभ्य, तुटक आवाजात: मग हलू नका. माणसाचे शरीर जमिनीशी जोडलेले असते; कवचाला फट असेल, आणि आमच्या कवचाला असणारच, तर फटीपाशी उभा राहिलेला माणूस टोकाच्या आणि पत्र्याच्या तारांमधला थोडा ताण स्वतःकडे ओढून घेतो. काटा तेवढा खाली येतो. त्या खाली आलेल्या काट्याला आम्ही शून्य म्हणायचो. मग माणूस बाहेर जाई आणि काटा पुन्हा आपल्या जागी येई, आणि तो जो वर येई त्याला मी अणूचे औदार्य म्हणत असे. निबंधांत मी लिहिले होते, 'शून्य निश्चित करण्यात आले.' कोणाकडून, ते विचारण्याची आमच्यात रीत नाही. शेवटी एक ओळ असे: तांत्रिक साहाय्याबद्दल आभार. कोणाचे, तेही नसे. विद्वानांच्या नम्रतेइतकी काटकसरी वस्तू मी दुसरी पाहिली नाही, आणि तिचे काही उत्तम नमुने माझ्याच हातचे आहेत.

ताण स्वतःकडे ओढून घेणारा तिसरा माणूस ही गोष्ट मला नवी असायला नको होती. मी सात-आठ वर्षांची असताना आईवडील एका खोलीत बसलेले असत आणि दोघांच्या मध्ये मी जमिनीवर चित्रे रंगवत असे. मी आहे तोवर ती दोघे पाण्याच्या दोन पेल्यांइतकी शांत. "तिला विचार, चहा हवा का." "त्यांना सांग, नको." मी सांगे. मला झोपायला पाठवले आणि दार लागले की आतून आवाज येत, आणि मला वाटे, माझ्यामागे काहीतरी घडते, मी गेल्यावर कोणीतरी येत असावे. ते सगळे मी समोर असतानाही होतेच. मी बसलेली असल्यामुळे ते कमी दिसे, एवढेच. वडील गेल्यावर एकदा आई म्हणाली, "तू होतीस म्हणून निभावलं गं," आणि मी ती म्हातारपणाची हळवी बोलण्याची तऱ्हा समजून दुसरा विषय काढला. आता वाटते, ती मापाचे बोलत होती. ज्या घरात मी वाढले त्याचे खरे शून्य मला कधी दिसलेच नाही, कारण ते पाहायला मी नेहमी खोलीत असे.

दुपारी मी फॅरडरावांच्या घरी फोन लावला. तो त्यांच्या पत्नीने उचलला. "बाई का? अहो, बरं झालं बाई तुम्हीच फोन केलात! यांना घेऊन जा चार दिवस. घरात नुसते उभे असतात हो. मी स्वयंपाक करते, हे मागं उभे. बसा म्हटलं तर म्हणतात, सवय आहे. बोलतही नाहीत, हलतही नाहीत, कपाट आणून ठेवल्यासारखे! घ्या, आलेच बघा." मग तो ओळखीचा, छातीच्या तळातून येणारा आवाज: "बोला बाई. शून्य सरकलं का?" "तुम्हाला कसं कळलं?" "मोटार बसवलीत ना. अहो, मोटारीला हात नसतात." मी म्हणाले, "उद्या साडेनऊला येता का? करायचं काही नाही. नुसतं उभं राहायचंय." मला वाटले की मी त्यांना दुखावले. "त्यात काय," ते म्हणाले, "दुसरं केलंय काय मी तिथं?" त्यांच्या स्वरात दुखावलेपण नव्हते, आणि तेच मला रात्रीपर्यंत पुरले.

ते इस्त्रीचा सदरा घालून, केस चापून, नोकरीला पहिल्यांदा येणाऱ्यासारखे आले. दारातून सवयीने तिरके झाले. टोकवालीच्या बोटांवरच्या पट्ट्या पाहून म्हणाले, "हे काय, अणूनं चावे घेतले की काय?" आणि तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली. पिवळी पट्टी सफाईत निघून गेली होती, पण डिंकाचे काळपट दोन चौकोन फरशीवर अजून होते. मी त्यांना सगळे सांगितले, सोपे करून नाही, आहे तसे: की शेष बहुधा तुम्ही आहात, की तसे असेल तर अकरा वर्षांचे काम मागे घ्यावे लागेल, की तुम्ही हे पहिल्या वर्षी सांगितले होते आणि मी तुम्हाला गप्प उभे केले होते. त्यांनी मान हलवली. "आणि नसेल तर?" "नसेल तर शुक्रवारी मला हार घालतील." "मग देव करो नि मी नसो," असे म्हणून ते आत गेले आणि काळ्या चौकोनांत, एक बूट आधी, दुसरा मग, बरोबर मावले. मी आणि टोकवाली बाहेरच्या पडद्यापाशी बसलो. रिकाम्या खोलीत शून्य लावलेले होते. त्यांच्यामागे दार लागले, पावलांची थरथर शांत झाली, आणि पडद्यावरचा काटा खाली आला, थांबला. टोकवालीने आकडा वाचला: "वजा दोन पूर्णांक एक."

तीन पूर्णांक चार नव्हे. दोन पूर्णांक एक. वजाबाकी करायला मला अर्धा क्षणही लागला नाही. एक पूर्णांक तीन उरत होते. फॅरडरावांना जमेस धरूनही अणूपाशी एक पूर्णांक तीन शिल्लक होते. म्हणजे शेष होता, लहान होता, पण होता. पुस्तकाला एक दुरुस्तीचे पान जोडावे लागले असते, सिद्धान्त शाबूत राहिला असता, ते वाक्यही राहिले असते. मी खुर्चीत मागे टेकले. "बाई," टोकवाली हळूच म्हणाली, "वाचलो की आपण." मी बोलणार होते. तेवढ्यात खोलीतल्या माइकवरून, ओठ न हलवता बोलल्यासारखा, फॅरडरावांचा आवाज आला: "किती आलं?" टोकवालीने सांगितले. "मग पुरतं नाही भरलं." "नाही. बरं झालं ना, काका!" "बरं कसलं," ते म्हणाले, "बाई बाहेर का बसल्यात? बाई, तुम्ही तुमच्या जागेवर बसा की. तुमच्याशिवाय मी शून्य कधी लावलंय?"

मला वाटते, हे मला त्यांनी म्हणण्यापूर्वीच कळले होते. एक पूर्णांक तीन हा आकडा ऐकताक्षणी जी सुटका वाटली तिच्या तळाशीच हे कळणे बसलेले होते, बुटक्या स्टुलावर, गुडघे जवळ घेऊन, काट्याकडे डोळे लावून. अकरा वर्षांच्या प्रत्येक सकाळी तिथे दोघेजण होते. फॅरडरावांचे शरीर मी हिशेबात धरले, कारण ते मोठे होते आणि दुसऱ्याचे होते. स्वतःला मी निरीक्षक समजत होते, आणि निरीक्षकाला शरीर नसते अशी विद्वानांची समजूत असते. मला उठायचे नव्हते. हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण नंतर लोक अशा उठण्याला धैर्य वगैरे म्हणतात. मी म्हणू शकत होते, "आज एवढं पुरे." टोकवालीने काही विचारले नसते, फॅरडरावांनी तर नाहीच, ते पत्नीला जाऊन म्हणाले असते, बाई वाचल्या. त्या तरुण संशोधिकेचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, तरी त्या क्षणी तो मला दिसला, आणि ती कवच बसवत होती, नीट, चारी बाजूंनी दाबून. मी उठले, दार उघडले आणि आत गेले. फॅरडरावांनी फक्त डोळे वळवले. स्टूल भिंतीला लावून ठेवले होते. ते मी ओढून आणले, त्याच्या पायांच्या घासलेल्या जागी ठेवले आणि बसले. बसताच गुडघे आपोआप जवळ आले. समोर फॅरडरावांचा नॉबवरचा हात होता. नॉब आता मोटारीला जोडलेला होता, तरी बोटे तिथेच, टेकल्या न टेकल्यासारखी. खोलीत धातूचा आणि थंडीचा तोच वास होता. "थोडं डावीकडे," मी उगाच म्हणाले. "हं," ते म्हणाले.

माइक खरखरला. टोकवालीने आकडा सांगितलाच नाही. "बाई," ती म्हणाली, "आला. पूर्ण आला."

"म्हणजे तीन पूर्णांक चार," फॅरडराव ओठांतल्या ओठांत म्हणाले, "म्हणजे तुम्ही आणि मी?" "हो." "अणू नव्हेच?" "नव्हे." त्यांचे पोट आतून हलू लागले, हसू दाबायचा त्यांनी जो प्रयत्न केला तो पाहून मलाही आवरेना, आणि माइकवरून टोकवाली रडवेल्या आवाजात ओरडली, "हलू नका हो, आकडा हलतोय!" आम्ही शाळेतल्या मुलांसारखे गप्प झालो. "दोन तुमचे," मी म्हणाले. "दोनाहून जास्त," ते म्हणाले, "तुम्ही बारीक आहात." मग मी टोकवालीला कागद घ्यायला सांगितले आणि तिथेच, स्टुलावरून, मजकूर सांगू लागले. शेष मागे घेण्यात येत आहे, असे तोंडावर आले होते. ते बदलून मी म्हटले, शेष आम्ही मागे घेत आहोत. शून्य लावताना खोलीत आम्ही दोघे होतो. मोजताना नव्हतो. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांचे कवच नीट होते, आमचे नव्हते, त्यांना मी लिहिलेले उत्तर चुकीचे होते आणि उद्धटही होते. ही चूक पहिल्याच वर्षी पहिल्या लेखकाने दाखवून दिली होती. "पहिला लेखक कोण?" टोकवालीने विचारले. मी फॅरडरावांचे नाव सांगितले, खरे, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. ते मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारत होते. ते दचकले, पण हलले नाहीत. "अहो बाई, एवढं पूर्ण नाव घेऊन तर कोर्टातच पुकारतात!" "दुसरं नाव माझं," मी म्हटले, "ते माहीत आहे तुला. एक प्रत संचालकांना आजच दे. आणि तिचा पत्ता शोध, ती विषय सोडून गेली तिचा. तिला लिहायच्या पत्राचा मजकूर मी वेगळा सांगेन, बसून."

बाहेर टोकवालीची लेखणी चालत होती. तिच्यासमोर पडद्यावर, मला न दिसणारा, तीन पूर्णांक चार स्थिर असणार. आम्ही दोघे ज्या जागी होतो त्या जागी असेतोवर तो राहणार होता, आणि आमच्यातले कोणी उठले की जगात पुन्हा कधीही तो कोणाला मिळणार नव्हता. फॅरडरावांच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला होता आणि भुवईपाशी अडला होता. तो त्यांनी पुसला नाही.

"बाई," ते म्हणाले, "झालं असेल तर आता हलू का?"

"थांबा," मी म्हणाले, "इतक्यात नको."

"बसू का मग?"

आणि मी हसले. अकरा वर्षे उशिरा, पण काटा हलेल इतकी.